मास्तरांचा सोळावा अध्याय

तमाम लहानथोरांस, आणि विशेषेकरून लष्कर मोहल्ल्यातल्या मराठी घरांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की म्हैसूर शहरात एके काळी मोठ्या माणसांसाठी एक शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा वर्ग, निघाला होता. तो पंधरा रविवार चालला आणि सोळाव्या रविवारी बंद पडला. या घटनेची नोंद संस्थानच्या कुठल्याही दप्तरात नाही. तिच्यासाठी तोफा सुटल्या नाहीत की हत्तीवर झूल चढली नाही. तरीही ती गंभीर आहे, कारण तिच्यात माझा हात आहे. आणि माझा हात असलेल्या गंभीर घटना, देवाच्या कृपेने, फार थोड्या आहेत.

वर्ग काढला आमच्या मास्तरांनी. मिशनच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना गणित आणि बायबल शिकवलं, दोन्ही कानडीत. मीही त्यांच्या हाताखालून गेलो होतो. उंच, वाळलेले, बंद गळ्याचा कोट, डोक्याला आमच्या शिपाईगड्यांसारखा घट्ट फेटा, आणि पायांत साध्या चपला. चर्चमध्ये सगळे बूट वाजवत यायचे, मास्तर दारात चपला काढायचे. मंडळीतल्या कोणी हटकलं की म्हणायचे, "पाय सवयीचे आहेत, त्यांना धर्म बदलल्याचं अजून कळवलेलं नाही."

धर्म त्यांनी एकोणिसाव्या वर्षी बदलला होता. घराणं आमच्यासारखंच, म्हैसूरच्या घोडदळात चाकरी केलेल्यांचं. मोहल्ल्याने त्यांना दगड मारले नाहीत, जेवायलाही बोलावलं नाही. रस्त्यात भेटले तर "काय मास्तर, बरं ना?" एवढं व्हायचं आणि माणसं पुढे जायची. माझे काका लहानपणी त्यांच्याबरोबर एका घोड्यावर बसून तळ्यावर जात. मोठेपणी दोघं समोरासमोर आले की काका आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज घेत, उन्हाळ्यातसुद्धा.

मास्तरांची एक खोड साऱ्या गावाला माहीत होती. ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी देत नसत. किती वाजले, पुस्तकात काय लिहिलंय, असं साधं काही विचारलं तर सांगत, बाकी सगळ्याला "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी विचारणारा विसरलेला असला तरी ते त्याला शोधून काढत. एकदा एका भाजीवालीने सहज विचारलं, "मास्तर, तुमच्या देवाला राग येतो का हो?" दुसऱ्या दिवशी हे भर बाजारात तिच्या टोपलीसमोर उभे. "येतो. पण टिकत नाही." तोवर ती बाई प्रश्न विसरून गेली होती, तिला वाटलं, भाज्यांबद्दल बोलताहेत.

दुसरी खोड गोष्टीची. एका दिवशी एकच अध्याय. पुढचं ओळभरही सांगायचं नाही. "गोष्ट भुकेवर टिकते," असं त्यांचं म्हणणं. "पोट भरलं की माणूस झोपतो. आपल्याला माणूस जागा पाहिजे, अल्लवा?" हे 'अल्लवा' म्हणजे 'होय ना', ते त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेपटासारखं असे, आणि त्यावर 'नाही' म्हणायची सोय नसे.

शाळेतून मोकळे झाल्यावर ते पाद्रीसाहेबांकडे गेले. नव्या राजवाड्याच्या परांच्या अजून उतरायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पाद्रीसाहेब इंग्रज, पण कानडी आपल्यापेक्षा शुद्ध. मास्तर म्हणाले, मला प्रौढांसाठी येशूच्या गोष्टीचा एक वर्ग काढायचा आहे, सोळा अध्यायांचा. मराठीतून.

"आपल्या मंडळीत मराठी माणसं किती?"

"एक."

"कोण?"

"मी."

"मग वर्ग कोणासाठी?"

"बाकीच्यांसाठी."

पाद्रीसाहेब हसले असावेत, कारण त्यांनी चर्चच्या बगलेची खोली दिली. रविवारी तीन ते चार, संध्याकाळच्या उपासनेच्या आधी. अट एकच, की उपासनेच्या पवित्र वस्तूंची आणि प्रथांची सरमिसळ होता कामा नये.

मग मास्तर दारोदार फिरले. बोलवायला नव्हे, येऊ नका म्हणून सांगायला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जिनगर होता, घोड्यांची खोगिरं शिवणारा. त्याच्या दुकानापुढे उभे राहून म्हणाले, "रविवारी एक गोष्ट वाचणार आहे. तुम्ही येऊ नका. ती पोरांना कळते, मोठ्यांना जड जाते." जिनगर सुई तशीच चामड्यात ठेवून म्हणाला, "कोण म्हणतं जड जाते?" आणि पहिल्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसला. दोन पेन्शनीत निघालेले स्वार आले. ते आल्यापासून झोपत, पण येत मात्र नेमाने. आणि आमच्या घरातून आली काकू.

काकूचं येणं हा स्वतंत्र चमत्कार होता. काका रविवारी जेवून झोपले की थेट चहाला उठत. काकू जाताना सांगे, "पोथी ऐकायला जाते." कुठली पोथी, हे त्या घरात कोणी विचारलं नाही आणि तिने खोटं काही सांगितलं नाही. तिच्यापुरती ती पोथीच होती. चटईवर बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, पुढे चौरंगावर पुस्तक, आणि अध्याय सुरू असताना उठायचं नाही. मास्तरांनीही तो थाट मुद्दाम तसाच ठेवला होता.

मी नजरबादच्या कचेरीत नुकता कारकून झालो होतो. मास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "तुला ही गोष्ट पाठ आहे. म्हणून तू अडाण्यासारखा बस. मी थांबलो की 'मग?' म्हणायचं. मोठ्याने." नाटकाची हौस मला होतीच. पंधरा रविवार मी इतकं सुंदर अज्ञान वठवलं की काकू घरी जाताना मला समजावून सांगे. खोलीची किल्लीही मास्तरांनी माझ्याकडेच दिली होती. बगलेच्या खोलीतून आतल्या आत चर्चमध्ये जायला दार होतं; ते सुम्ने, म्हणजे नुसतंच, लोटलेलं असे, कुलूप नाही.

वर्गाचा नियम असा, की प्रश्न विचारणाऱ्याने उभं राहायचं आणि उत्तर देणाऱ्याने खाली बसायचं. त्यामुळे मास्तर बहुतेक वेळ जमिनीवर आणि जिनगर बहुतेक वेळ उभा. येशू शिंगरावर बसून शहरात येतो, तो अध्याय झाला तेव्हा जिनगर उठला.

"मास्तर, त्या शिंगरावर आधी कोणी बसलं नव्हतं म्हणता?"

"कोणी नाही."

"आणि खोगीर?"

"अंगावरची वस्त्रं टाकली होती."

"आणि लोक भोवती ओरडताहेत, डहाळ्या हलवताहेत?"

"होय."

जिनगराने हवेतच लगाम ओढून बघितला. मग म्हणाला, "आयतु, ठरलं. मेलेल्याला उठवलं, आंधळ्याला डोळे दिले, ते मला सांगू नका, ते मी बघितलं नाही. पण न शिकवलेलं जनावर गर्दीत बुजलं नाही, तर बसणारा साधा माणूस नाही. हे मी लिहून देतो."

मास्तरांनी त्या दिवशी डोळे पुसले. मला वाटलं, हसून पाणी आलं असेल.

काकूचा प्रश्न मात्र पहिल्याच रविवारचा. त्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूला ताप असतो. येशू तिचा हात धरतो, ताप उतरतो, आणि ती उठून सगळ्यांना वाढायला लागते. काकू पदर सावरून उभी राहिली.

"मास्तर, तापातून उठली आणि लगेच वाढायला?"

"तसं लिहिलंय, वहिनी."

"एवढा मोठा देव घरी आला. तिला म्हणाला नाही का, की तू आज बस, मी पानं घेतो?"

स्वारांपैकी एक त्या वेळी जागा होता; तो खोकला. मास्तर म्हणाले, "उद्या." आमचा उद्या म्हणजे पुढचा रविवार. पुढच्या रविवारी ते आले ते सरळ खाली बसले आणि म्हणाले, "वहिनी, उत्तर नाही. तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न मला सुचला नाही." त्या दिवसापासून काकू या वर्गाची झाली. जिथे आपल्या प्रश्नाला उत्तर नाही असं पुरुषमाणूस कबूल करतो, अशी दुसरी जागा तिला माहीत नव्हती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मास्तरांनी मला एकदाच सांगितलं, नजरबादच्या रस्त्याने चालताना, मी विचारलं नसताना. धर्म बदलल्याचं घरी कळलं तेव्हा आई म्हणाली होती, "असं काय आहे रे त्या गोष्टीत? सांग तरी." त्यांनी सांगायला घेतली. निम्म्यावर आली तोच बाहेरून त्यांचे वडील आले. आई उठून आत गेली. मास्तरांना त्याच दिवशी घर सोडावं लागलं आणि आई पुढच्या पटकीत गेली. "पोरांना सांगितली, ती पास झाली आणि विसरली," मास्तर म्हणाले. "आपल्यातल्या एका मोठ्या माणसाने ती घरच्या बोलीत शेवटपर्यंत ऐकावी. एकाने जरी. मग माझं काम झालं, अल्लवा?"

मी 'हो' म्हणालो. त्यावर दुसरं म्हणताच येत नसे.

पंधराव्या रविवारी येशू मेला. मास्तरांनी वाचून पुस्तक मिटलं. कबरीच्या तोंडाशी धोंड लोटली, इथे अध्याय संपला. मी 'मग?' म्हणायला विसरलो. जिनगर उठला नाही. दोन्ही स्वार जागे होते. काकू घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही. काकांनी विचारलं, "काय झालं?"

"ओळखीतलं कोणी गेलं."

"कोण?"

"तुम्ही नाही ओळखत."

पण एक अध्याय उरला होता, तो तिच्या डोक्यातून जाईना. माणूस गेल्यावर पोथीत आणखी काय असणार? तिनेच ठरवलं, दिवसकार्य असेल. आणि पोथीची समाप्ती म्हटल्यावर तिच्या मनात दुसरा विचारच नव्हता. आपल्याकडे शेवटचा अध्याय लावण्याआधी पोथीची पूजा होते. ती न करता अध्याय कसा वाचायचा?

सोळाव्या रविवारी दोन वाजताच तिने मला उठवलं. ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता, नारळ, ऊदबत्ती, आणि मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हातभर गजरा. मी खोली उघडली. चौरंगावर मास्तरांचं पुस्तक नव्हतं, ते स्वतःबरोबर आणत. काकूने इकडेतिकडे बघितलं आणि लोटलेलं दार ढकललं. आत, उंच लाकडी घडवंचीवर, चर्चचं मोठं बायबल उघडं होतं. पितळी कोपरे, सोनेरी कडा, मांडीवर मावणार नाही एवढं.

"हीच ना रे मूळ पोथी? मास्तरांची ती रोजच्या वाचनाची असणार."

इथे मी थांबतो आणि वाचकांना विनंती करतो, की माझ्याकडे नीट बघून घ्या. चोवीस वर्षांचा, शिकलेला, पाद्रीसाहेबांची अट मास्तरांच्या तोंडून ऐकलेला माणूस. एक शब्द पुरे होता. पण संध्याकाळी लोक बूट वाजवत येतील आणि समोर हळदीकुंकू लावलेलं बायबल बघतील, तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतील, या कल्पनेने मला आतून गुदगुल्या झाल्या. मी म्हणालो, "हो, काकू. हीच."

तिने मन लावून पूजा केली. पानाच्या मधोमध हळदीकुंकवाची बोटं, वर अक्षता, दोन्ही बाजूंनी सोडलेला गजरा, लाकडाच्या फटीत ऊदबत्ती. नारळ पायरीवर फोडला आणि पाणी पुस्तकावर शिंपडलं. खरं सांगतो, ते पुस्तक इतकं आपलं कधी दिसलं नव्हतं. मग ती हात धुवायला मागच्या विहिरीवर गेली, आणि समोरच्या दाराने पाद्रीसाहेब आले. त्यांच्याबरोबर मंडळीचे दोन वडील, म्हणजे चर्चचे पंच.

मास्तर पोचेपर्यंत पानावरची हळद ओली होऊन पसरली होती. पाद्रीसाहेब ओरडले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. ते कानडीत सावकाश म्हणाले, "बाहेरच्या कोणी नकळत केलं असेल तर मी समजू शकतो. समजावून सांगू, वर्ग चालू राहील. पण हे मंडळीतल्या माणसाने, जाणून केलं असेल, तर मला वर्ग ठेवता येणार नाही. कोणी केलं?"

त्या दोन वडिलांपैकी एक आमच्याच कचेरीत, माझ्या पलीकडच्या मेजावर बसत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इथे कसे?"

माझं लग्न ठरलं होतं. मुलगी बेट्टदपुराकडची. तिच्या वडिलांनी मला पसंत करताना एकच गोष्ट सांगितली होती, की मुलगा वळणाचा आहे. मुलगा दर रविवारी चर्चमध्ये जातो आणि घरच्या बाईमाणसालाही नेतो, हे त्यांना कळायला कचेरीतून एक पोस्टकार्ड पुरे होतं.

"मास्तरांना निरोप द्यायला आलो होतो," मी म्हणालो. "वर्गाशी माझा संबंध नाही."

किल्ली माझ्या खिशात होती. पेत्र तीनदा 'मी येशूला ओळखत नाही' म्हणतो आणि कोंबडा आरवतो, तो अध्याय आम्ही दोनच रविवारांपूर्वी वाचला होता, आणि मी त्यावर जोरात 'मग?' म्हणालो होतो. मला एकदाच म्हणावं लागलं. कोंबडाही आरवला नाही.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, गणितात मुलाचा हातचा चुकला की बघत तसं. मग पाद्रीसाहेबांना म्हणाले, "मी केलं. आमच्यात पोथी पुरी होताना करतात."

"तुम्ही? इतक्या वर्षांनी?"

"होय."

त्या माणसाने कुठल्याच जड प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी दिलं नव्हतं. हे दिलं.

बाहेर चिंचेखाली सगळे जमले होते. मास्तर म्हणाले, "आज वर्ग नाही."

"समाप्तीच्या दिवशी?" काकू म्हणाली.

"पूजा फार छान झाली, वहिनी. अध्याय राहिला. वर्ग उघडला की वाचू."

तिला कधीच कळलं नाही. मास्तर तब्येतीने थकले असावेत, असं ती धरून चालली.

त्यानंतर मास्तर दर महिन्याला पाद्रीसाहेबांना एक पत्र लिहीत. मजकूर तोच. एक रविवार, एक अध्याय. पत्र पुढच्या बैठकीत ठेवू, असं उत्तर येई. मी त्यांना बाजारात गाठून म्हणालो, "मास्तर, काकूला मी घरीच सांगून टाकतो ना पुढचं."

"उद्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उन्हात चालत कचेरीच्या फाटकाशी आले. "नको. गोष्ट वर्गात सुरू झाली, ती वर्गातच संपेल. तू घरी सांगितलीस तर ती चुलीजवळची बातमी होईल."

आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो. मी पाद्रीसाहेबांना जाऊन एक वाक्य सांगितलं असतं तर वर्ग दुसऱ्या दिवशी उघडला असता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. ते एकदाही बोलले नाहीत. छत्री उघडून निघून गेले.

लग्न झालं की सांगू, असं मी ठरवलं होतं. लग्न झालं. मग पहिला दसरा होऊ दे म्हटलं, सासरची माणसं यायची होती. मग मेज बदललं की सांगू. मेजही बदललं. अशी दोन वर्षं गेली. मी काही दुष्ट नव्हतो; मला फक्त सोयीचा रविवार सापडत नव्हता.

मास्तर पावसाळा संपता संपता गेले. झोपेतच गेले. घरात एक खाट, एक चौरंग, आणि ते पुस्तक.

चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. जिनगर, मी, काकू. या खेपेला ती पोथीचं निमित्त न करता, काकांना जागं करून, खरं ते सांगून आली होती. काका फाटकापर्यंत आले आणि आभाळाकडे न बघता उभे राहिले. आत यायचं त्यांना जमलं नाही.

कानडी प्रार्थना झाल्या. मग पाद्रीसाहेबांनी मास्तरांचं मराठी पुस्तक उचललं. एका पानात दोरा होता. ते म्हणाले, "या गृहस्थांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती दर वेळी पुढच्या बैठकीवर टाकली. हे त्यांच्या भाषेत वाचून दाखवील असं कोणी आहे का?"

जिनगराने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या बाकावर ते कचेरीतले वडीलही बसले होते. मी उठलो, पुढे गेलो आणि पुस्तक हातात घेतलं. तीन बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, तिथून वाचायला सुरुवात केली. धोंड कोण बाजूला करील, अशी त्यांची काळजी. जाऊन बघतात तर धोंड आधीच लोटलेली. इथपर्यंत अक्षरं दिसत होती. मग दिसेनाशी झाली. पुढचं, तो इथे नाही, तो उठला आहे, हे मी पुस्तकाकडे न बघता, समोर बघत, शाळेत कानडीत पाठ केलं होतं ते घरच्या बोलीत, घडाघडा म्हणून गेलो.

मी पुस्तक मिटलं. तोच मागच्या बाकावरून काकूचा खणखणीत आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"अय्यो, उठला होय तो? आणि मेल्या, तुला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं?"